महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील गणित : पाठ्यपुस्तकाची पारख

(कनिष्ठ महाविद्यालयांचे शिक्षक, ग्रंथालय समित्यांचे सदस्य व पंचायत प्रतिनिधी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी शाळेतून दहावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत किंवा तंत्रनिकेतनात पहिले पाऊल टाकतो, तेव्हा त्याच्या हाती पडणारे गणिताचे पुस्तक बहुधा इंग्रजीत असते. काल-परवापर्यंत ‘वर्गसमीकरण’ या नावाने परिचित असलेली वस्तू ‘क्वाड्रॅटिक इक्वेशन’ होऊन समोर उभी राहते. उन्नत कोन आणि अवनत कोन यांची नावे बदलतात. सेमी-इंग्रजी वर्गातून आलेल्यांना हा धक्का कमी बसतो, पण दुसरा धक्का सर्वांनाच सारखा असतो. दहावीत बीजगणित म्हणजे ठराविक नमुन्यांची समीकरणे सोडविणे आणि त्रिकोणमिती म्हणजे भूमितीच्या पुस्तकातील एक प्रकरण, एवढाच व्याप होता. अकरावीत हीच दोन अंगे साऱ्या पुढील गणिताचा पाया होतात. कलन, सदिश, यांत्रिकी, विद्युत्शास्त्र आणि संख्याशास्त्र यांतील एकही विषय त्यांच्यावाचून पुढे सरकत नाही.

या टप्प्यावर अडखळलेला विद्यार्थी काय करतो, हे शिक्षकांना ठाऊकच आहे. ज्यांना परवडते ते शिकवणी लावतात. ज्यांना परवडत नाही ते गणित सोडून अन्य विषय घेतात आणि अभियांत्रिकीपासून संख्याशास्त्रापर्यंतच्या अनेक वाटा त्यांना सोळाव्या वर्षीच बंद होतात. तालुक्याच्या गावाहून दूर राहणाऱ्या मुलाला वा मुलीला सायंकाळी सहानंतर विचारायला पुस्तकाखेरीज कोणी नसते. त्यामुळे ते पुस्तक कोणी, कसे आणि कोणत्या कसोटीवर निवडले हा प्रश्न केवळ ग्रंथपालाचा राहत नाही.

निवड नेमकी कशाची

अकरावी-बारावीचे अधिकृत पाठ्यपुस्तक महाविद्यालयाने निवडावयाचे नसते. ते पुण्याच्या महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाकडून, म्हणजेच बालभारतीकडून येते. निवडीचा अधिकार उरतो तो तीन ठिकाणी : दहावी व अकरावी यांमधील अंतर भरून काढणारे पुस्तक, अधिकृत पुस्तकाच्या जोडीला वाचावयाचे संदर्भपुस्तक आणि सरावाचे पुस्तक. पदवीच्या प्रथम वर्षाला विद्यापीठ संदर्भग्रंथांची यादी देते. त्या यादीतील कोणत्या ग्रंथाच्या वीस प्रती घ्यावयाच्या आणि कोणत्याची एकच, हे मात्र महाविद्यालयच ठरविते.

हा अधिकार लहान वाटला तरी त्याचा वापर फार निष्काळजीपणे होतो. अनुदानाची रक्कम मार्चअखेर खर्ची टाकावयाची असते. विक्रेत्याची यादी येते, सवलतीचा दर पाहिला जातो आणि पुस्तकांचे गठ्ठे येऊन पडतात. ते कोणी उघडून पाहिले काय, अशी विचारणा लेखापरीक्षणातही होत नाही.

पारख करावयाची ती अनुक्रमणिका पाहून नव्हे. अभ्यासक्रमातील सर्व घटक बहुतेक सर्वच पुस्तकांत असतात. घटक आहे की नाही याला फारसे महत्त्व नाही. जेथे विद्यार्थी हमखास घसरतो तेथे पुस्तक त्याचा हात धरते की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. अशा घसरणीच्या जागा मोजक्याच असून त्या सर्व शिक्षकांच्या परिचयाच्या आहेत.

मुळांची कसोटी

क्ष² = ५क्ष हे समीकरण घ्यावे. दोन्ही बाजूंना क्ष ने भागले की क्ष = ५ हे उत्तर मिळते आणि विद्यार्थी समाधानाने पुढील उदाहरणाकडे वळतो. क्ष = ० हे दुसरे मूळ त्याने भागाकारात गमावले, हे त्याच्या गावीही नसते. शून्याने भागता येत नाही हे त्याला पाठ असते. परंतु क्ष स्वतःच शून्य असू शकतो, ही शंका पुस्तकाने त्याच्या मनात उत्पन्न केली पाहिजे. हीच चूक त्रिकोणमितीत पुन्हा होते. साइन २थीटा = साइन थीटा या समीकरणाच्या दोन्ही बाजूंना साइन थीटाने भागले, तर ६० व ३०० अंश हीच उत्तरे हाती लागतात. ० व १८० अंश नाहीशी होतात.

याच्या उलट, नसलेले मूळ आत शिरण्याचा प्रकार आहे. (क्ष + ६) चे वर्गमूळ क्ष एवढे आहे, असे सांगितले असता दोन्ही बाजूंचा वर्ग करून क्ष² − क्ष − ६ = ० हे समीकरण मिळते आणि ३ व −२ ही मुळे निघतात. पैकी −२ मूळ समीकरणात घालून पाहिले तर डावी बाजू २ येते आणि उजवी −२. वर्ग करताना चिन्हाचा भेद पुसला जातो, म्हणून हा पाहुणा आला. जे पुस्तक ‘ताळा पाहून −२ सोडून द्यावे’ एवढेच सांगते, त्याने अर्धे काम केले. तो पाहुणा कोठून आला हे जे सांगते त्याने पूर्ण केले. क्ष² चे वर्गमूळ सर्रास क्ष असे लिहिणारी पुस्तकेही बाजारात आहेत. क्ष = −३ घेऊन पाहिले की ते विधान कोसळते. वर्गमूळ ३ येते, म्हणजे केवलमूल्य येते. ज्या पुस्तकात या एका जागी केवलमूल्याचा उल्लेख नाही, ते बाजूस ठेवण्यास हरकत नाही. एवढी एक कसोटीही पुष्कळ पुस्तकांचा निकाल लावते.

ही चर्चा आधुनिक वा परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. इ. स. ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणि पूर्ण करणाऱ्या भास्कराचार्यांनी त्याच्या बीजगणित या भागात वानरांच्या कळपाचे एक उदाहरण दिले आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले आणि एक बाहेर दिसतो आहे, तर कळप केवढा? समीकरण मांडले की ५० आणि ५ अशी दोन मुळे येतात. दोन्ही मुळे समीकरणात बसतात. पण ५ घेतले तर पाचवा हिस्सा १ होतो आणि त्यातून ३ वजा करता ऋण संख्या येते. ऋण वानरांवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून हे मूळ ग्राह्य नाही, असा निर्णय आचार्यांनी दिला आहे. गणिताने दिलेले प्रत्येक उत्तर प्रश्नाचे उत्तर असतेच असे नाही, हा भेद साडेआठ शतकांपूर्वीच्या ग्रंथात आहे आणि आजच्या अनेक मार्गदर्शिकांत नाही.

त्रिकोणातून वर्तुळात

त्रिकोणमितीची खरी अडचण एकाच जागी आहे. दहावीत साइन म्हणजे काटकोन त्रिकोणात समोरील बाजू भागिले कर्ण, असे शिकविले जाते. अकरावीत एकदम साइन १२० अंश येतो. काटकोन त्रिकोणात १२० अंशांचा कोन कोठून आणावयाचा? हुशार विद्यार्थी हा प्रश्न मनातल्या मनात विचारतो, बाकीचे तोही विचारीत नाहीत आणि कोष्टक पाठ करतात. चांगल्या पुस्तकाने येथे थांबले पाहिजे. एक एकक त्रिज्येचे वर्तुळ काढून, केंद्रापासून निघालेला किरण वर्तुळाला जेथे छेदतो त्या बिंदूचे दोन निर्देशक म्हणजेच कोसाइन व साइन, ही नवी व्याख्या द्यावी. तीक्ष्ण कोनाच्या बाबतीत जुनी व नवी व्याख्या एकच उत्तर देतात, हेही आकृतीने दाखवावे. ही दोन पाने पुस्तकात नीट असतील तर पुढील चिन्हांचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आकृतीत दिसतात.

विशेष म्हणजे वर्तुळाकडे जाणे हे या विषयाचे मूळ घरी परतणे आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ज्या कोष्टकाच्या आधारे गणित केले ते वर्तुळातील अर्धज्यांचे होते. ‘ज्या’ अथवा ‘जीवा’ हा शब्द अरबीत ‘जीबा’ झाला. स्वरचिन्हांवाचून लिहिण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे तो ‘जैब’ असा वाचला गेला आणि लॅटिनमध्ये त्याचे ‘सायनस’ असे भाषांतर झाले. आजचा ‘साइन’ तो हाच. एवढी हकिगत पुस्तकात चार ओळींत आली, तर मराठी मुलाला तो शब्द परका वाटणार नाही. वर्गातही ती सांगता येते, त्यासाठी कोणाच्या अनुमतीची आवश्यकता नाही.

रेडियनची गोष्ट अशीच आहे. कोन अंशांत मोजण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला दुसरे माप कशाला, याचे कारण पुस्तकाने दिले पाहिजे. त्रिज्येइतक्या लांबीच्या कंसाने केंद्राशी केलेला कोन म्हणजे एक रेडियन. या मापात कंसाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले कोन, इतके सरळ सूत्र मिळते. कॅल्क्युलेटर रेडियनवर असताना ३० चा साइन मागितला तर ०.५ ऐवजी सुमारे −०.९८८ येतो. हा प्रसंग तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत नेहमीचा असूनही फार थोडी पुस्तके त्याची दखल घेतात.

प्रकरणांच्या क्रमाबद्दल शिक्षकांत मतभेद आहेत, ते राहोत. बालभारतीने २०१९ मध्ये अकरावीच्या कला व विज्ञान शाखांसाठी काढलेल्या दोन भागांच्या पुस्तकात कोनाचे मापन व त्रिकोणमिती प्रथम येतात, आणि फलनाचे प्रकरण दुसऱ्या भागात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, अकरावीच्या पुस्तकात संच आणि संबंध व फलन यांनंतर त्रिकोणमितीय फलने येतात. दोन्ही क्रमांना आधार आहे. तथापि, पहिल्या क्रमाने शिकणाऱ्याला साइनचा आलेख काढताना ‘फलन’ ही कल्पना उसनी घ्यावी लागते. तेव्हा एनसीईआरटीचे ते प्रकरण जोडीला ठेवणे सोयीचे पडते. ते हिंदीतही उपलब्ध असल्याने मराठी मुलाला भाषेचाही थोडा आधार मिळतो.

सूत्रांची जंत्री

बाजारात सर्वाधिक खप असलेली पुस्तके सूत्रांची जंत्री आणि सोडविलेली उदाहरणे या स्वरूपाची आहेत. त्यांच्या समर्थनार्थ कधी कधी श्रीनिवास रामानुजन यांचे नाव घेतले जाते. कार यांच्या ज्या सारसंग्रहावर रामानुजन वाढले, त्यातही हजारो प्रमेये जवळजवळ सिद्धतेवाचून मांडलेली होती, हे खरे आहे. परंतु त्याआधी लोनी यांच्या त्रिकोणमितीचा त्यांनी कसून अभ्यास केला होता, ही बाब सोयीस्करपणे विसरली जाते. शिवाय एका रामानुजनला जे मानवले ते साठ मुलांच्या वर्गाला मानवेल, या तर्कात अर्थ नाही.

लोनी यांची त्रिकोणमिती १८९३ ची, हॉल व नाइट यांचे उच्च बीजगणित १८८७ चे. ही दोन्ही पुस्तके भारतात आजही छापली व विकली जातात आणि अनेक ज्येष्ठ शिक्षक ती आपुलकीने सुचवितात. त्यांतील उदाहरणांची श्रीमंती निर्विवाद आहे. लोनींची लॉगरिदम कोष्टकांवर आधारलेली आकडेमोड मात्र कॅल्क्युलेटरमुळे निरुपयोगी झाली आहे. हॉल व नाइट यांचे इंग्रजी गद्य मराठी माध्यमाच्या मुलाला एकट्याने वाचणे कठीण जाते. ती शिक्षकांच्या कपाटात असावीत, उदाहरणे त्यांतून घ्यावीत. पहिले पुस्तक म्हणून विद्यार्थ्याच्या हाती देऊ नयेत.

सरावसंचात संख्येपेक्षा चढण पाहावी. एकाच साच्याची चाळीस उदाहरणे दिली की पान भरते, पण सहाव्या उदाहरणानंतर विद्यार्थी विचार करीत नाही. कोणती रीत लावावयाची हे न सांगता मिसळून दिलेली दहा उदाहरणे अधिक शिकवितात. ‘पुढील विधान चूक का आहे?’ अशा जातीचे प्रश्न तर फार मोलाचे. साइन (अ + ब) म्हणजे साइन अ + साइन ब, हे चूक विधान बहुतेक वह्यांत सापडते. दोन्ही कोन ३० अंशांचे घेतले तर डावीकडे सुमारे ०.८६६ आणि उजवीकडे १ येतो, हे पुस्तकानेच एकदा करून दाखवावे.

परदेशातील एक उदाहरण, आणि जत्रेतील पाळणा

अमेरिकेत महाविद्यालयाच्या आरंभी बीजगणित व त्रिकोणमितीचा एकत्र अभ्यासक्रम असतो. तेथील जाडजूड, रंगीत पुस्तकांच्या किमती विद्यार्थ्यांना असह्य झाल्या, तेव्हा टेक्सासमधील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाने २०१५ मध्ये ‘अल्जिब्रा अँड ट्रिग्नॉमेट्री’ हे पुस्तक इंटरनेटवर विनामूल्य खुले केले. श्रेयनिर्देश करून त्यात फेरफार करण्याची, भाषांतर करण्याचीही मुभा देणाऱ्या परवान्याखाली ते निघाले. पूर्वज्ञानाच्या प्रकरणापासून त्याचा आरंभ होतो, फलने तिसऱ्या प्रकरणात येतात आणि साइन-कोसाइन सातव्या प्रकरणात, एकक वर्तुळासह. एकट्याने वाचणाऱ्या विद्यार्थ्याची इतकी वास्तपुस्त करणारी पुस्तके थोडी. फूट, मैल आणि डॉलर यांनी भरलेली उदाहरणे मात्र आपल्या मुलांना परकी वाटतात.

त्यावर उपाय अवघड नाही. त्या पुस्तकात आकाशपाळण्याचे उदाहरण आहे. आकाशपाळणा आपल्या प्रत्येक जत्रेत असतो. त्याचा व्यास १० मीटर, आस जमिनीपासून ६ मीटर उंचीवर आणि एक फेरा ४० सेकंदांचा, असे धरले तर पाळण्यात बसलेले मूल १ मीटर ते ११ मीटर या उंचींमध्ये वरखाली होते. उंचीचा कालानुसार आलेख काढला की साइनची लाट कागदावर उमटते. लाटेची मध्यरेषा ६ मीटरवर, म्हणजे आसाच्या उंचीवर. कोकणात हेच उदाहरण भरती-ओहोटीवर रचता येईल. एका भरतीपासून पुढील भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, हे तेथील मुलाला गणिताच्या आधीपासून माहीत असते. दरसाल १२ टक्के चक्रवाढीने कर्ज दुप्पट होण्यास सहा वर्षांहून किंचित अधिक काळ लागतो, हे घातांकाच्या प्रकरणात आले तर त्याचा अर्थ घरातील वडीलधाऱ्यांनाही समजेल. जिल्ह्यातील पाच-सहा शिक्षकांनी एकत्र बसून अशी पन्नास उदाहरणे तयार केली तरी मोठे काम होईल.

भाषेविषयी एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक संज्ञेच्या मराठी व इंग्रजी नावांची दोनचार पानांची यादी शिक्षकांनी स्वतः करून पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवावी. ‘आयडेंटिटी’ म्हणजे नित्यसमानता, ‘सर्ड’ म्हणजे करणी, ‘कॉर्ड’ म्हणजे जीवा, एवढे समोर असले की निम्मी भीती जाते. याला खर्च कागदाचा.

पंचायतीने काय करावे

खर्चाची सबब या विषयात फारशी टिकत नाही. बालभारती व एनसीईआरटी यांची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळांवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. परंतु भ्रमणध्वनीच्या वीतभर पडद्यावर बीजगणित शिकता येत नाही. पान उघडे ठेवून शेजारी वही घ्यावी लागते. म्हणून छापील प्रती हव्यात आणि त्या गावात हव्यात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता व अनुदान मिळालेली ग्रंथालये अनेक गावांत आहेत. तेथे कादंबऱ्यांच्या कपाटाशेजारी गणिताच्या निवडक चार पुस्तकांच्या प्रत्येकी दोन प्रती ठेवण्यास फार मोठी रक्कम लागत नाही.

या भूमीत ही प्रथा नवी नाही. चाळीसगावनजीक पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. तेथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून पाटणच्या बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावरील, एरव्ही राजाकडे जाणारे उत्पन्न मठास दिल्याचा उल्लेख त्यात आहे. गणिताचे ग्रंथ शिकले जावेत म्हणून बाजाराच्या उत्पन्नातील वाटा बाजूस काढण्याची व्यवस्था आठशे वर्षांपूर्वी खानदेशातील एका गावाने पाहिली होती.

निवडीसाठी समिती नेमावयाची असल्यास तीत एक गणित शिक्षक कनिष्ठ महाविद्यालयाचा, एक माध्यमिक शाळेचा आणि नुकतीच अकरावी पार केलेले दोन विद्यार्थी असावेत. त्या दोघांपैकी एक मध्यम गुणांचा असणे अत्यावश्यक आहे. पुस्तकाचा एकच भाग, समजा वर्गसमीकरणाचा, त्याला द्यावा आणि शिक्षकाने काहीही न सांगता तो कोणत्या ओळीवर थांबतो ते पाहावे. त्याच वेळी दोन्ही शिक्षकांनी मागील उत्तरांपैकी दर दहावे उत्तर स्वतः सोडवून पाहावे. उत्तरसूचीतील चुका हा नवशिक्याचा आत्मविश्वास घालविणारा सर्वांत मोठा दोष आहे, कारण आपलेच चुकले असे तो धरून चालतो. हे काम दोन सायंकाळींचे आहे. ते डिसेंबर-जानेवारीत उरकावे, म्हणजे मार्चमध्ये विक्रेत्याची यादी येईल तेव्हा समितीची यादी आधीच तयार असेल.

वर्षअखेरीस ग्रंथपालाने त्या प्रती पुन्हा समितीपुढे ठेवाव्यात. पुस्तकाच्या कडा कोणत्या पानापर्यंत मळल्या आहेत, हे उभे धरून पाहिले तरी दिसते. पहिल्या तीस पानांनंतर कडा कोऱ्या असतील तर विद्यार्थी कोठे थांबले हे कळते आणि त्या पानावर काय आहे ते उघडून पाहता येते. पुढील वर्षी त्याच पुस्तकाच्या आणखी प्रती घ्यावयाच्या की दुसरे पुस्तक, हे त्यानंतर ठरवावे.